ओळख न दाखवणारं गाव

आमच्या गावात सिनेमातला माणूस दिसला तर ओळख दाखवायची नाही. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पालो सेकोत जन्मलेल्या पोराला चालायला यायच्या आधी हे शिकवलेलं असतं. वाळवंटाच्या मधोमध वसलेलं गाव. गरम पाण्याचे झरे आणि हिवाळ्यातलं ऊन याखेरीज आमच्याकडे विकायला होतं काय? मग आमच्या आजोबांच्या पिढीनं तिसरी गोष्ट विकायला काढली, आमचं अडाणीपण. लॉस एंजलिसमध्ये ज्यांच्या अंगावर माणसं तुटून पडायची, ते आमच्याकडे चुरगळलेल्या शर्टात ब्रेड आणायला जायचे आणि वाणी त्यांना विचारायचा, काय साहेब, आपण काय काम करता? एकदा एका देखण्या नायकानं दारूच्या नशेत गाडी थिएटरच्या भिंतीवर नेऊन आदळली. त्याच भिंतीवर त्याचं भलंमोठं पोस्टर होतं. आमच्या हवालदारानं त्या पोस्टरखाली उभं राहून त्याला नाव, गाव, व्यवसाय, सगळं विचारलं आणि एकदाही मान वर केली नाही. तो नायक पुढे दर हिवाळ्यात येत राहिला.

मी चेलो अर्मेंता. मुख्य रस्त्यावर माझं केस कापायचं दुकान आहे. माझ्या हाताखालून अशी अशी डोकी गेली आहेत की नावं घेतली तर तुम्ही खुर्चीवरून पडाल. मी घेणार नाही. एकच नाव घेणार आहे, आणि ते का घेते ते सांगते.

मी लहान होते तेव्हा चांगलं कुंड एकच, हॉटेल मिराडोरच्या भिंतीआड. ते पाहुण्यांसाठी. माझी आई रेफुहिओ तिथे खोल्या झाडायची. तिच्यासारख्या बायकांनी त्या कुंडाचे टॉवेल धुवायचे, पाण्यात बोट घालायचं नाही. स्वयंपाकी, माळी, हमाल, कुणीही नाही. मग काम संपलं की या बायका भिंतीबाहेर जायच्या. कुंडातलं वापरलेलं पाणी तिथून एका नाल्यात पडायचं. त्या नाल्याच्या काठावर बसून सुजलेले पाय त्यात सोडायच्या. तेवढं पाणी फुकट होतं.

छत्तीस सालच्या हिवाळ्यात मॅरिस डनमोरनं हे पाहिलं. तेव्हा ती ऐन भरात होती. पडद्यावर ती बहुतेक वेळा वाईट बाई असायची, पर्समध्ये पिस्तूल घेऊन फिरणारी, आणि पुरुष तिच्यापुढे घाम पुसायचे. तिनं बायकांना विचारलं, आत का बसत नाही? आई म्हणाली, आत पाहुणे बसतात. डनमोरबाईनं पुढे काही विचारलं नाही. महिन्याभरात तिनं गावाच्या टोकाचा, गाढवं पाणी प्यायची तो झरा विकत घेतला, दगडी काठ बांधला, कपडे बदलायला खोल्या काढल्या आणि सगळं गावाला देऊन टाकलं. अट एवढीच, की पैसे घ्यायचे नाहीत, कुणाला हाकलायचं नाही, आणि ती जिवंत आहे तोवर तिला विचारल्याशिवाय गावानं यात काही बदल करायचा नाही. कुंडाच्या तोंडाशी दगडावर हे कोरलेलं आहे. आम्ही त्याला शेवटचं कुंड म्हणतो.

मिराडोरचा मालक तिच्या सिनेमा कंपनीच्या मालकाबरोबर पत्ते खेळायचा. झालं. तिला बोलावून सांगितलं, चूक झाली म्हण आणि ते डबकं परत घे. ती म्हणाली, घेत नाही. त्यांनी आणखी गोड शब्दांत सांगितलं, तिनं आणखी कडू शब्दांत उत्तर दिलं. पुढची दोन वर्षं तिला काम नाही. मग पडद्यावर कुणाची तरी आत्या, कुणाची तरी शेजारीण, आणि मग तेही नाही. आमच्या गावातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं. आमचे पाय गरम पाण्यात होते ना, त्याची किंमत कुणी मोजली हे आम्ही कसं विसरू?

पन्नास साली ती परत आली. जुनी गाडी, मागे जोडलेलं चाकांचं घर, पांढरे केस, आणि पत्रपेटीवर नाव: ई. क्रूप. एडना क्रूप हे तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव. सकाळी ती आली आणि दुपारच्या जेवणाआधी सगळ्या गावाला कळलं होतं. वेंडेलच्या वाणसामानाच्या दुकानात चार माणसं जमली आणि ठरलं. ठरायचं काय म्हणा, ते ठरलेलंच होतं. बाईला शांतता हवी आहे, नाव बदलून आली आहे, तर तिचा मान राखायचा. कुणी ओळख दाखवायची नाही.

आणि आम्ही ती दाखवली नाही. अहो, एकदा म्हणून नाही. वेंडेल तिच्यासाठी सगळ्यात चांगले पीच टोपलीच्या तळाशी लपवून ठेवायचा आणि ती आली की "आज काय ऊन आहे" एवढंच बोलायचा. रात्री टीव्हीवर तिचा जुना सिनेमा लागायचा तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव सुजलेल्या डोळ्यांनी तिला "गुड मॉर्निंग, मिस क्रूप" म्हणायचं. दर शुक्रवारी ती माझ्याकडे केस धुवायला यायची. एकदा खुर्चीत बसून एक जुनं मासिक चाळत होती. एका पानावर तिचाच फोटो, पांढऱ्या फरमधला. ती त्या पानावर थांबली. मासिक जरा उंच धरलं. आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पाणी फार गरम नाही ना?" ती म्हणाली, नाही. पान उलटलं. त्या रात्री मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, चेलो, तू खरी या गावची. मला केवढा अभिमान वाटला होता.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात मिराडोर एका कंपनीनं विकत घेतलं. आमच्याकडे नको ते ठराव उन्हाळ्यातच येतात, कारण तेव्हा बाहेरची माणसं नसतात आणि गावकऱ्यांना ऊन घराबाहेर पडू देत नाही. ट्रेंटहॅम नावाचा कंपनीचा माणूस आला, पांढरे बूट घालून. त्याला शेवटचं कुंड हॉटेलच्या आवारात घ्यायचं होतं. गावकऱ्यांसाठी आठवड्यातली एक सकाळ, तिकीट काढून. आमचे महापौर ऑरव्हिल बिंगहॅम यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान. नव्या भिंतीच्या विटा कुठून जाणार होत्या हे मी तुम्हाला सांगायला नको. दगडावरच्या अटीचं काय, असं कुणीतरी विचारलं. ट्रेंटहॅम म्हणाला, आम्ही सिनेमा कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर नाही. बाई वारल्या असणार. मंगळवारी दुपारी मतदान.

माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. माझ्या आईचे गुडघे त्या पाण्यावर चालत होते. ती सत्तरीला आली होती, रोज सकाळी काठीनं तिथवर जायची आणि काठी काखेत मारून परत यायची. तिकीट काढून एक सकाळ? त्याच्या बापाचं पाणी?

आणि दान देणारी बाई चार गल्ल्या सोडून चाकांच्या घरात बसलेली. गावभर कुजबुज झाली, आता काहीतरी केलं पाहिजे. पण तिला जाऊन सांगायचं कुणी, आणि काय म्हणून? मिस क्रूपला कुंडाशी काय देणंघेणं? शुक्रवारी ती आली तेव्हा मी तिच्या केसांना साबण लावता लावता भिंतीकडे तोंड करून सगळी बातमी मोठ्यानं वाचल्यासारखी सांगितली. शेवटी म्हटलं, ते म्हणतात, कुंड देणारी बाई मेली. माझ्या बोटांखाली तिची मान ताठ झाली.

"असेलही," ती म्हणाली.

मी केस खंगाळले. पुसले. ती उठेना.

"चेलो, मंगळवारी सकाळी वेळ आहे? केसांना लाटा पाडून दे. बोटांनी पाडतात तशा. पूर्वी पाडायचे."

"काही कार्यक्रम आहे का?" मी विचारलं. बघा, जिभेला वळण कसं पडलेलं असतं.

"बघू," ती म्हणाली.

मंगळवारी मी तिचे केस केले. कपाळाच्या उजव्या बाजूनं पहिली लाट, कानावरून दुसरी, मानेशी वळण. आरशात बघता बघता मिस क्रूप निघून गेली आणि मॅरिस डनमोर येऊन बसली, पांढऱ्या केसांची. तिनं ओठांना गडद लाली लावली. मी म्हटलं, "छान दिसतंय." ती थोडा वेळ थांबली, आणखी काही येतंय का बघत. मग उठली.

सभागृहात पंखे गरगरत होते आणि गरम हवा इकडची तिकडे करत होते. सगळं गाव आलं होतं. ती आत आली, मधल्या वाटेनं सरळ पुढे चालत गेली, आणि काय सांगू, पडद्यावर चालायची तशीच चालली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. ती पहिल्या रांगेत बसली. ट्रेंटहॅमनं नकाशा दाखवला, भिंत दाखवली, नव्या नोकऱ्या सांगितल्या. बिंगहॅम म्हणाले, कुणाची हरकत?

ती उभी राहिली. "माझी आहे."

"आपण?" ट्रेंटहॅमनं विचारलं.

"मॅरिस डनमोर. ते कुंड मी दिलंय, आणि मी मेलेली नाही."

ट्रेंटहॅमनं आपल्या मदतनिसाकडे पाहिलं, मदतनिसानं कानात काही सांगितलं, आणि तो हसला. वाईट नाही हसला, समजुतीनं हसला, त्यानं माझं डोकं जास्त फिरलं. म्हणाला, बाई, आमच्या माहितीप्रमाणे आपण एडना क्रूप, चाकांच्या घरांच्या वस्तीत राहता. केस छान केले आहेत. पण कुणीही उठून म्हणेल मी अमकी नटी, तर गावाचा कारभार कसा चालायचा? काही पुरावा?

"या गावाला विचारा," ती म्हणाली, आणि आमच्याकडे वळली.

बिंगहॅमनं नाइलाजानं विचारलं, या बाईंना मॅरिस डनमोर म्हणून कुणी ओळखतं का?

कुणी बोललं नाही. तुम्हाला वाटेल घाबरले. डोंबल घाबरले. वेंडेल जर्मनांच्या गोळ्या खाऊन आलेला माणूस, तो पंख्याकडे बघत बसला होता. हवालदार टोपीची कड चाचपत होता. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. बाईला भरसभेत ओळखायचं? असला पाणउतारा पालो सेकोत कधी कुणी कुणाचा केला नव्हता. मला सगळं कळत होतं, आणि माझीही जीभ टाळूला चिकटलेली.

ती एकेका तोंडाकडे बघत गेली. माझ्याकडेही पाहिलं. मग तिचे खांदे उतरले. असे उतरलेले खांदे मी तिच्या कुठल्या सिनेमात पाहिले नव्हते.

"बरं," ती हळूच म्हणाली, आणि पर्स उचलली.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही बाई इतकी वर्षं समजत होती की आम्ही तिला विसरलो. खरोखरच विसरलो. मासिक उंच धरून ती लपत नव्हती, विचारत होती.

"बसा, मिस डनमोर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. मी खुर्च्या ढकलत पुढे गेले. "आणि तू रे, ऑरव्हिल? पुरावा हवाय तुला? तुझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत खिळ्यांच्या खोक्यांमागे कुणाचा फोटो टांगलाय? तुझ्या बायकोला ठाऊक नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तो फोटो तुझ्या आत्याचा आहे का?"

बिंगहॅम लालबुंद झाले. त्यांची बायको दुसऱ्या रांगेत होती, ती म्हणाली, मलाही ठाऊक आहे. मग वेंडेल उठला. म्हणाला, जिन्यावरून उतरताना पर्समधूनच गोळी झाडता ना, तो सिनेमा मी लढाईवर जायच्या आधी पाहिला आणि तिकडे खंदकात पोरांना सांगायचो, मी या बाईच्या कुंडात अंघोळ केली आहे, कुणाला खरं वाटायचं नाही. मग हवालदार. मग मागच्या रांगेतल्या बायका, एकीच्या बोलण्यात दुसरी. इतकी वर्षं तोंडाला लावलेली कुलपं होती ती, सगळी एकदम निघाली.

मला वाटलं, आता ही रडेल. किंवा हसेल. ती तापली होती.

"किती दिवसांपासून ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," वेंडेल म्हणाला. बक्षीस मिळणार असल्यासारखा चेहरा केला होता मूर्खानं.

"अठरा वर्षं," ती म्हणाली. ओरडली नाही, पण शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "अठरा वर्षं मी रात्री एकटी बसून स्वतःला समजावलं, एडना, लोक विसरतात, चालायचंच. रस्त्यानं जाताना वाटायचं, मी कधी होते की नव्हते. आणि तुम्ही सगळे मनात ओळखून माझ्याशी उन्हाबद्दल बोलत होतात?"

"रीत म्हणून, बाई," वेंडेल पुटपुटला. "तुमचा मान राखायला."

"खड्ड्यात गेली तुमची रीत," ती म्हणाली.

ट्रेंटहॅम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं वारं बघितलं आणि लगेच शिडाचं तोंड फिरवलं. पुढे येऊन अदबीनं वाकला. मिस डनमोर, म्हणाला, या लोकांनी आपल्याला असं वागवलं, आम्ही तसं करणार नाही. कुंडाला आपलं नाव देऊ. हॉटेलच्या दिवाणखान्यात आपले फोटो लावू, आपल्याला कायमची एक खोली देऊ. पाहुणे येतील, आपल्याला भेटतील, सह्या मागतील. आपण फक्त हरकत मागे घ्या.

तिला काय हवं होतं ते या परक्या माणसाला एका दुपारीत कळलं होतं, आणि आम्ही तिच्याच पाण्यात डुंबून इतकी वर्षं ते तिला दिलं नव्हतं. तिनं हो म्हटलं असतं ना, तर मी तिला बोल लावला नसता. आईचे गुडघे गेले असते तरी लावला नसता.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, अगदी बुटांपासून वरपर्यंत.

"हाच सौदा मला पूर्वी एकानं देऊ केला होता," ती म्हणाली. "त्याचे कपडे तुझ्यापेक्षा चांगले होते, आणि तो वर सिनेमेही देत होता. तेव्हा नाही म्हटलं आणि त्यापायी मी सगळं घालवून बसले. आता खोलीसाठी हो म्हणू? ऑरव्हिल, लिहून घ्या. मी जिवंत आहे आणि माझी हरकत आहे."

बिंगहॅमनं लिहून घेतलं. न घेऊन सांगतो कुणाला, बायको दुसऱ्या रांगेत होती.

मग ती आमच्याकडे वळली. "आणि तुम्ही. उद्यापासून रस्त्यात जो मला माझ्या नावानं हाक मारणार नाही, त्यानं माझ्या पाण्यात पाय घालायचा नाही. कुणाला हाकलायचं नाही ही अट मीच घातली आहे, तेव्हा मी हाकलणार नाही. तुम्हीच लाजेनं बाहेर राहायचं."

लोक टाळ्या वाजवायला लागले. तिनं हातानंच थांबवलं आणि निघाली. मी मागोमाग गेले. बाहेर ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसत होता. ती जोरात चालत होती आणि मी तिच्या मागे धापा टाकत. कोपऱ्यावर थिएटरच्या सावलीत ती थांबली. केसांची एक लाट घामानं सुटून कपाळावर आली होती.

"चेलो, खरं सांग," ती म्हणाली. "मी चांगली होते का ग?"

मी काही सिनेमातली जाणकार नाही. मी म्हटलं, "मला विचाराल तर काही सिनेमे भिकार होते. पण माझ्या आईनं तुमचा एकच पाहिला. त्यात तुम्ही त्या श्रीमंताच्या बंगल्यात पुढच्या दारानं जाता, नोकर अडवतो आणि तुम्ही थांबतच नाही. दुसऱ्या दिवशी आई मिराडोरमध्ये पुढच्या दारानं कामावर गेली."

"मग?"

"मग काय, दुपारच्या आत काढून टाकलं."

तिनं डोळे मिटले. "देवा. मला शिव्या दिल्या असतील तिनं."

"नाही दिल्या. ती घरी आली. रोज मागनं, स्वयंपाकघरातून यायची, कामाचे बूट घाण असतात म्हणून. त्या दिवशी ती आमच्या घरातसुद्धा पुढच्या दारानं आली. बूट घालून. मी दारातच उभी होते, आणि मला वाटलं, ही कोण बाई?"

मॅरिस डनमोरच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"हे तू मला अठरा वर्षांत एकदा तरी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं ना आता," मी म्हटलं, आणि माझाही आवाज चढला, कारण रडू आवरायला मला दुसरं काही जमत नाही.